स्वतःच्याच संघात राखीव

२४ फेब्रुवारी २०१८. प्यॉंगचांग हिवाळी ऑलिंपिक, महिला कर्लिंगचा कांस्यपदकाचा सामना. जपानने ग्रेट ब्रिटनला ५-३ असं हरवलं आणि या खेळातलं जपानचं पहिलं ऑलिंपिक पदक नक्की झालं. पदकाच्या मानकरी पाच जणी होत्या. त्यातली वयाने सर्वांत मोठी, ३१ वर्षांची मारी मोतोहाशी. त्या सामन्यात तिने एकही दगड टाकला नव्हता.

तरी संघ तिचाच होता. साडेसात वर्षांपूर्वी तिनेच तो उभा केला होता, सुरुवातीला त्याची स्किप म्हणजे कर्णधारही तीच होती. मधल्या काळात तिने स्वतःहून चांगल्या खेळाडू आणल्या, आणि जागा कमी पडल्या तेव्हा आपली जागा सोडली. मोतोहाशीची कारकीर्द सहसा ‘गावी परतलेली नायिका’ म्हणून सांगितली जाते. मला त्यातलं परत येणं दुय्यम वाटतं. गावी परतणारे खेळाडू बरेच असतात. आपणच काढलेल्या संघात आपण पाचवे होणारे फार कमी, आणि तसं झाल्यावर संघ न मोडणारे त्याहून कमी. म्हणून हे प्रकरण सविस्तर पाहण्यासारखं आहे.

खेळाबद्दल थोडं

सुमारे ४५ मीटर लांब बर्फाची पट्टी. तिच्या टोकाला हाउस, म्हणजे एकात एक काढलेली वर्तुळं. एका फेरीला एंड म्हणतात. प्रत्येक एंडमध्ये दोन्ही संघ आळीपाळीने आठ-आठ दगड सरकवतात. दगड ग्रॅनाइटचा, जवळजवळ वीस किलोचा. बर्फावर चार जणी खेळतात, प्रत्येकीच्या वाट्याला दोन दगड. एकीने दगड सोडला की दोघी ब्रश घेऊन त्याच्यापुढे बर्फ घासत धावतात, त्यामुळे दगड थोडा लांब आणि थोडा सरळ जातो. स्किप पलीकडच्या टोकाला उभी राहून कुठे टाकायचं ते दाखवते. कॅरममध्ये आपली सोंगटी राखून समोरच्याची उडवावी, तसाच हिशेब इथे चालतो. फरक एवढाच की पट्टी ४५ मीटरची आहे आणि बर्फ तासातासाला बदलतो.

एंड संपल्यावर मध्याच्या सर्वांत जवळ ज्याचा दगड, गुण फक्त त्याच संघाला. शेवटचा दगड ज्याच्या हातात असतो त्याच्याकडे ‘हॅमर’ आहे असं म्हणतात. हॅमर हाती असणं हा मोठा फायदा. समोरच्याकडे हॅमर असताना आपण गुण मिळवला, तर तो चोरलेला गुण. हे लक्षात असू द्या, कांस्यपदकाचा निकाल या चोऱ्यांवरच लागला.

ऑलिंपिक संघात पाचवी खेळाडूही असते. कागदावर ती राखीव. प्रत्यक्षात ती काय करते, ते पुढे येईल.

तोकोरो

जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइडो बेटावर, ईशान्य भागात ओखोत्स्क समुद्राच्या काठी तोकोरो नावाचं गाव आहे. लोकवस्ती जेमतेम चार हजारांच्या आसपास. धंदा शिंपल्यांची मासेमारी आणि शेती. हिवाळ्यात समुद्रात बर्फाचे तुकडे तरंगत येतात. २००६ मध्ये हे गाव कितामी शहरात विलीन झालं, पण लोक अजून तोकोरोच म्हणतात.

१९८० मध्ये होक्काइडो आणि कॅनडाचा अल्बर्टा प्रांत यांच्यात मैत्रीचा करार झाला आणि त्याच्या पाठोपाठ कॅनडातून कर्लिंग शिकवायला माणसं आली. तोकोरोतल्या युजी ओगुरी यांना या खेळाने झपाटलं. खरे दगड महाग, म्हणून गावकऱ्यांनी बिअरचे छोटे पिंप दगड म्हणून वापरले. उघड्यावर बर्फ तुडवून, रात्री त्यावर पाणी ओतून पट्टी तयार केली. १९८८ मध्ये गावात खास कर्लिंगसाठी बांधलेला बंदिस्त हॉल उभा राहिला, जपानमधला तसा पहिलाच. शाळेच्या खेळाच्या तासाला मुलं कर्लिंग खेळू लागली. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये जपानच्या पुरुष संघाचा स्किप तोकोरोचाच माकोतो त्सुरुगा होता, तेव्हा विशीतला.

मोतोहाशीचा जन्म १९८६ चा, याच गावातला. ती बाराव्या वर्षाच्या आसपास ओगुरींच्या हाताखाली खेळायला लागली.

गावात हॉल होता, शिकवणारे होते, मुलं तयार होत होती. नव्हती ती नोकरी आणि पैसा. त्यामुळे शाळा संपली की चांगल्या खेळाडू बाहेर पडत. तोकोरोच्याच आयुमी ओनोदेरा आणि युमिए हायाशी २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीला खेळल्या आणि त्यानंतर होक्काइडो सोडून, समुद्रधुनी ओलांडून आओमोरीला गेल्या. तिथे टीम आओमोरी उभी राहिली. मोतोहाशीही त्याच वाटेने गेली.

आओमोरीची वर्षं

२००६ च्या तोरिनो ऑलिंपिकमध्ये टीम आओमोरी सातवी आली. नऊपैकी चार सामने जिंकले, त्यात कॅनडाला हरवलं. पदक नाही, पण जपानमध्ये हा खेळ पहिल्यांदाच घरोघरी पाहिला गेला. १९ वर्षांच्या मोतोहाशीला ‘मारिलिन’ असं टोपणनाव पडलं. मासिकांना तिच्या खेळापेक्षा तिच्या चेहऱ्यात जास्त रस होता, हे त्या काळातल्या प्रसिद्धीकडे पाहिलं की लपत नाही. ती प्रसिद्धी तिने पुढे फार धोरणीपणाने वापरली, पण त्याबद्दल नंतर.

त्याच वर्षी, तोरिनोनंतर काही आठवड्यांनी, जपानच्या राष्ट्रीय स्पर्धेत एक गंमत झाली. तोकोरोच्या माध्यमिक शाळेतल्या मुलींच्या संघाने ऑलिंपिकहून आलेल्या टीम आओमोरीला हरवलं आणि स्पर्धेत तिसरा क्रमांक पटकावला. त्या मुलींमध्ये चिनामी योशिदा, युमी सुझुकी आणि काहो ओनोदेरा होत्या. ही तिन्ही नावं पुन्हा येणार आहेत.

आयुमी ओनोदेरा आणि हायाशी तोरिनोनंतर थांबल्या. मोतोहाशी राहिली, मोए मेगुरो स्किप झाली. २००८ ला कॅनडातल्या व्हर्नन इथल्या जागतिक स्पर्धेत हा संघ चौथा आला, म्हणजे पदकाच्या अगदी उंबरठ्यावर. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये मात्र नऊपैकी तीनच विजय आणि आठवा क्रमांक. त्या संघात कोतोमी इशिझाकी नावाची अनुभवी खेळाडू होती, वयाने मोतोहाशीपेक्षा सात वर्षांनी मोठी. तीही या गोष्टीत परत येते.

२०१०: पगार नसलेला संघ

ऑगस्ट २०१० मध्ये मोतोहाशीने टीम आओमोरी सोडल्याचं आणि तोकोरोत नवा संघ काढल्याचं जाहीर केलं. नाव लोको सोलारे. त्यातलं ‘लोको’ हे ‘तोकोरोची मुलं’ या अर्थाच्या जपानी शब्दावरून आलं, आणि ‘सोलारे’ हा सूर्याशी निगडित इटालियन शब्द. देशांतर्गत स्पर्धांत हा संघ बरीच वर्षं एलएस कितामी या नावाने खेळला. सोबत चौघी: मेगुमी माबुची, आकाने एदा, युमी सुझुकी आणि चिनामीची धाकटी बहीण युरिका योशिदा. सुझुकी अठरा वर्षांची, युरिका सतरा.

त्यावेळची परिस्थिती पाहिली तर हा निर्णय वेडेपणाचा होता. दोन ऑलिंपिक खेळलेली, देशभर चेहरा ठाऊक असलेली २४ वर्षांची खेळाडू, जिला कुठल्याही मोठ्या संघाने घेतलं असतं. ती अशा गावी गेली जिथे प्रायोजक नव्हता आणि संघातल्या दोघी तर शाळकरी वयाच्या होत्या. याच सुमारास आयुमी ओनोदेरा लग्नानंतर ओगासावारा होऊन, आई झाल्यावर परतली आणि साप्पोरोत बँकेच्या पाठबळावर होक्काइडो बँक फोर्टियस हा संघ उभा राहिला. करुइझावात चुबू इलेक्ट्रिक पॉवर या वीज कंपनीचा संघ होता. तिथे खेळाडू कंपनीच्या कर्मचारी. म्हणजे स्पर्धा एका बाजूला बँकेशी आणि दुसऱ्या बाजूला वीज कंपनीशी.

इथे ‘मारिलिन’ कामी आली. मोतोहाशी कितामी परिसरातल्या व्यावसायिकांकडे स्वतः गेली, मदत मागितली. एका मोठ्या मालकाऐवजी अनेक लहान पाठीराखे, आणि प्रत्येक खेळाडूला गावातच कुठेतरी नोकरी, अशी तिची मांडणी होती. पुढे सात्सुकी फुजिसावा एका विमा एजन्सीत आणि चिनामी मोटारींच्या विक्री केंद्रात नोकरी करत खेळल्या त्या याच मांडणीतून. ही रचना प्रथमदर्शनी गरिबीची वाटते. तिची ताकद कळायला अकरा वर्षं जावी लागली.

मैदानावरचं चित्र मात्र तितकं चांगलं नव्हतं. सप्टेंबर २०१३ मध्ये २०१४ च्या सोची ऑलिंपिकसाठीची निवड स्पर्धा झाली, तिथे लोको सोलारे बाद झाली. बँकेच्या संघाने वीज कंपनीच्या संघाला मागे टाकून सोची गाठली आणि तिथे पाचवा क्रमांक मिळवला. मोतोहाशीच्या कारकिर्दीतलं हे पहिलं ऑलिंपिक जे तिने घरून पाहिलं. तेव्हा तिचं वय २७. इथे बहुतेक जण दोनपैकी एक करतात: चिकाटीने तोच संघ पुढे रेटतात, किंवा हा नाद सोडतात.

दोन जणी जमिनीवर आलेल्या

सोचीला गेलेल्या बँकेच्या संघात चिनामी योशिदा राखीव होती. काहो ओनोदेराला तिथे फ्लू झाला म्हणून चिनामीला खेळायला मिळालं, आणि ती चांगली खेळली. ऑलिंपिक संपल्यावर तिला सांगण्यात आलं की पुढच्या योजनेत तिची जागा नाही. २२ वर्षांची मुलगी, आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेहून परतताना हातात हे. मोतोहाशीने तिला बोलावलं. धाकटी बहीण आणि शाळेतली मैत्रीण तिथे होत्याच. २०१४ मध्ये चिनामी लोको सोलारेत आली.

दुसरी सात्सुकी फुजिसावा. कितामीचीच, पण खेळली चुबू इलेक्ट्रिककडून. २०११ ते २०१४ अशी सलग चार वर्षं तिच्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. देशातली सर्वोत्तम स्किप तीच, यावर फारसा वाद नव्हता. आणि तरीही सोचीची निवड हातातून गेली. २०१५ मध्ये ती चुबू सोडून लोको सोलारेत आली.

आता गणित बघा. फुजिसावा, चिनामी, सुझुकी, युरिका: झाल्या चार. बर्फावर जागा चारच. आणि मोतोहाशी त्याच वर्षी आई होणार होती. तिचा मुलगा ऑक्टोबर २०१५ मध्ये जन्मला.

सोपा अर्थ असा लावता येतो की बाळंतपणामुळे जागा आपोआप रिकामी झाली. मला तो पुरेसा वाटत नाही. बाळंतपण ही काही महिन्यांची गोष्ट. जपानच्या कर्लिंगमध्ये आई होऊन परतलेल्यांची उदाहरणं तिच्या डोळ्यासमोर होती. ओगासावारा तर परतून सोचीच्या उद्घाटनाला जपानचा झेंडा घेऊन चालली होती. मोतोहाशीला तात्पुरती स्किप हवी असती तर तिने देशातली सर्वोत्तम स्किप आणली नसती. चार वेळची विजेती कुणाची जागा उबवायला येत नाही. फुजिसावाला आणताना आपण कायमच्या बाहेर जाऊ शकतो, हे मोतोहाशीला कळत नसेल असं मानायला मी तयार नाही.

ती खेळात परतलीही. फेब्रुवारी २०१६ मध्ये संघाने पहिल्यांदा राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. मार्चमध्ये कॅनडातल्या स्विफ्ट करंटला जागतिक स्पर्धा झाली, त्या संघात मोतोहाशीचं नाव राखीव म्हणून होतं. अंतिम सामन्यात स्वित्झर्लंडच्या बिनिया फेल्टशरच्या संघाने जपानला ९-६ असं हरवलं. रौप्य. जागतिक स्पर्धेतलं जपानचं हे पहिलंच पदक. चौकडी जमली होती, आणि ती मोडून स्वतःला आत घालण्याचं कारण उरलं नाही.

पाचवीचं काम

इथे जरा थांबू, कारण प्रकरणाचा गाभा इथेच आहे.

ऑलिंपिकसारख्या स्पर्धेत दगड आयोजकांचे असतात, आणि प्रत्येक पट्टीला तिचे ठरलेले सोळा दगड. दिसायला सारखे. पण एकाच वेगाने सोडलेले दोन दगड एकाच जागी थांबतील याची खात्री नसते. एखादा थोडा आधी थांबतो, एखादा जास्त वळतो. संध्याकाळचे सामने आटोपल्यावर संघांना सरावाची थोडी वेळ मिळते आणि त्यात पुढच्या पट्टीवरचे दगड तपासायचे असतात. हे काम मुख्यतः पाचवीचं आणि प्रशिक्षकाचं. चौघी विश्रांती घेत असतात. ही एकेक दगड सोडते, एका रेषेपासून दुसऱ्या रेषेपर्यंत किती सेकंद लागले ते घड्याळावर पाहते, किती वळला ते टिपते. मग जोड्या लावायच्या: कुठले दोन दगड सारखे चालतात, ते कुणाला द्यायचे, सर्वांत भरवशाचे दोन शेवटी टाकणाऱ्या फुजिसावासाठी ठेवायचे. सकाळी चौघींच्या हातात ही यादी.

या कामाला चांगला हात लागतो. नवख्या मुलीने सोडलेल्या दगडावरून दगडाचा स्वभाव कळत नाही, कारण सोडण्यातच चूक असते. पाचवीला पहिल्या चौघींच्या तोडीचं टाकता यायला हवं आणि तरी दिवसभर बाकावर बसता यायला हवं. हा दुसरा भाग पहिल्यापेक्षा अवघड. बहुतेक संघ या जागेवर उमेदीची तरुण खेळाडू घेतात, आणि ती आतून धुसफुसत राहते. लोको सोलारेकडे या जागेवर दोन ऑलिंपिक खेळलेली, संघाची संस्थापक होती. तिला कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नव्हतं. शिवाय तिने चौघींपैकी एकीला धीराचं सांगितलं किंवा एखादी चूक दाखवली, तर त्यात जागेची स्पर्धा कुणाला दिसत नव्हती.

सामन्याच्या मध्यंतरात पाचव्या एंडनंतर चौघी जमिनीवर बसून स्ट्रॉबेरी आणि कितामीच्या एका मिठाईवाल्याचा चीजकेक खातात, हे दृश्य त्या फेब्रुवारीत जपानभर गाजलं. त्या दुकानावर मागण्यांचा पाऊस पडला. वर्षअखेरीला, खेळताना एकमेकींना होकार देताना त्या उच्चारत असत तो उद्गार जपानच्या वर्षातल्या गाजलेल्या शब्दांत पहिला ठरला. हे सगळं गोड आहे, पण त्यामुळे रात्रीचं घड्याळ आणि टिपणं झाकली गेली.

पदक, आणि नशिबाचा वाटा

प्यॉंगचांगला पोचणंही सरळ नव्हतं. २०१७ ची राष्ट्रीय स्पर्धा चुबू इलेक्ट्रिकने जिंकली. म्हणून सप्टेंबर २०१७ मध्ये तोकोरोच्या हॉलमध्येच दोन संघांत निवडीचे सामने झाले. लोको सोलारेने ते ३-१ असे जिंकले. ओगुरींनी हे पाहिलं नाही. त्याच वर्षी मे महिन्यात ते गेले.

ऑलिंपिकच्या साखळीत जपानचे पाच विजय, चार पराभव. त्यात यजमान दक्षिण कोरियाला साखळीत मिळालेला एकमेव पराभव जपानच्याच हातून. पण शेवटचा साखळी सामना जपान हरला आणि दुसऱ्या पट्टीवरचा निकाल मनासारखा लागला म्हणून उपांत्य फेरी मिळाली. तिथे कोरियाने अकराव्या, म्हणजे जादा एंडमध्ये ८-७ असं हरवलं.

मग कांस्यपदकाचा सामना. आठ एंडनंतर ३-३. नवव्यात हॅमर ब्रिटनकडे असताना जपानने एक गुण चोरला, ४-३. दहाव्यातही हॅमर ब्रिटनकडेच. स्किप ईव्ह मुइरहेडच्या हातात शेवटचा दगड. एक गुण घेऊन बरोबरी आणि जादा एंड, की दोन गुण घेऊन इथेच सामना संपवायचा? ती दुसऱ्यासाठी गेली. दगडांची टक्कर झाली, सगळे सरकले, आणि थांबले तेव्हा मध्याजवळ जपानचा दगड होता. पुन्हा चोरी, ५-३.

म्हणजे पदकाचा शेवटचा गुण जपानने मारला नाही, समोरून आला. यशाची कारणं लिहिताना आपण हे सोयीस्कर विसरतो. तो दगड वीतभर इकडेतिकडे गेला असता, तर ‘संस्थापकाने जागा सोडणं’ हा आज कौतुकाचा विषय नसता; ‘अनुभवी खेळाडूला बाकावर बसवलं’ अशी टीका झाली असती. निर्णय तोच असता. म्हणूनच मी या प्रकरणाचं मोजमाप त्या एका पदकावर करत नाही, त्यानंतर काय टिकलं त्यावर करतो.

गावी परतल्यावरच्या सत्कारात चिनामी जे बोलली ते जपानमध्ये फार गाजलं. तिच्या म्हणण्याचा आशय असा: खरं सांगायचं तर या गावात काहीच नाही, लहानपणी वाटायचं, इथे राहून स्वप्न कधीच पुरं होणार नाही, आता वाटतं, इथे नसतो तर ते पुरं झालंच नसतं. समोर सगळं गाव, आणि ‘गावात काहीच नाही’ म्हणण्याची हिंमत. मला हा सत्कारातल्या भाषणांतला दुर्मीळ प्रामाणिकपणा वाटतो.

टिकलं काय

२०१८ च्या उन्हाळ्यात मोतोहाशीने संघातून खेळणं थांबवलं. लोको सोलारेची रीतसर संस्था झाली आणि ती तिची प्रमुख. जोडीला तरुण मुलींसाठी लोको स्तेला हा दुसरा संघ काढला. तिच्या जाण्याने पाचवीची जागा रिकामी झाली आणि पुढे त्या जागेवर आणलं कुणाला, तर व्हँकुव्हरच्या संघातल्या इशिझाकीला. इशिझाकी तोवर खेळ सोडून दूरचित्रवाणीवर समालोचन करत होती. म्हणजे मोतोहाशीने स्वतः निभावलेली भूमिका अपघाती नव्हती. पाचव्या जागेवर अनुभवी, स्थिर, खेळण्याची घाई नसलेली व्यक्ती हवी, हे आता संघाचं धोरण झालं होतं.

सप्टेंबर २०२१ मध्ये होक्काइडोतल्या वक्कानाईला २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकसाठीची निवड झाली. समोर होक्काइडो बँक. पहिले दोन सामने बँकेच्या संघाने जिंकले. आणखी एक जिंकला असता तर संपलं. लोको सोलारेने पुढचे तिन्ही जिंकले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत बँकेने आपल्या संघाशी असलेला करार संपवला. एका पराभवाने संघाचा आधार गेला. मोतोहाशीच्या २०१० च्या मांडणीची ताकद इथे दिसते: ज्याचे पाठीराखे अनेक आणि लहान, त्याला एका सहीने कुणी बेघर करू शकत नाही. २०१३ ला लोको सोलारेही अशीच हरली होती आणि तिचं काही बिघडलं नव्हतं.

बीजिंगला पुन्हा साखळीत पाच विजय, चार पराभव. शेवटचा सामना स्वित्झर्लंडकडून हरल्यावर फुजिसावा सगळं संपलं असं समजून रडत मुलाखत देत होती, तेवढ्यात कळलं की दुसरीकडे कोरिया हरल्यामुळे जपान उपांत्य फेरीत गेला आहे. ज्या स्वित्झर्लंडने हरवलं त्यालाच उपांत्य फेरीत ८-६ असं हरवलं. अंतिम सामना मुइरहेडच्या ब्रिटनशी. या वेळी ब्रिटनने कसलीच संधी दिली नाही, १०-३. जपानला रौप्य, आणि ४३ वर्षांची इशिझाकी हिवाळी ऑलिंपिकमधली जपानची सर्वांत वयस्कर पदकविजेती. जानेवारी २०२३ मध्ये कॅनडातल्या कॅमरोजला ग्रँड स्लॅम मालिकेतली कॅनेडियन ओपन या चौकडीने जिंकली. अशी स्पर्धा जिंकणारा हा आशियातला पहिला संघ.

जे जमलं नाही

चौकडी घट्ट जमण्याचा एक तोटा असतो: दुसऱ्या कुणाला आत शिरता येत नाही. २०१५ ला जमलेल्या चौघीच दहा वर्षांनीही खेळत होत्या. मोतोहाशीने आपली जागा ज्या वयात सोडली, त्या वयाच्या पुढे त्या गेल्या. दरम्यान करुइझावाच्या तरुण संघाने २०२४ चं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. लोको स्तेलामधून पहिल्या संघाला आव्हान देणारी फळी तोवर उभी राहिलेली नव्हती. संस्था चालवणाऱ्या मोतोहाशीपुढे २०१५ चाच प्रश्न पुन्हा आला, फक्त या वेळी सोडायची जागा तिची नव्हती. स्वतःची जागा सोडणं कठीण. दुसऱ्याला, त्यातही दोन पदकं आणलेल्यांना, ‘आता तू’ म्हणणं हे वेगळंच काम आहे आणि त्यासाठी मोतोहाशीचा अनुभव पुरेसा आहे असं मला दिसलेलं नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा वक्कानाईला, २०२६ च्या ऑलिंपिकसाठीची देशांतर्गत निवड झाली. तीन संघ होते. लोको सोलारे अंतिम लढतीआधीच बाद झाली. जिंकला तो फोर्टियस, बँकेने सोडलेला तोच संघ. त्याने दरम्यानच्या चार वर्षांत स्वतःच पाठीराखे जमवले होते. त्यात काहो ओनोदेरा होती, २००६ मध्ये शाळेच्या संघातून टीम आओमोरीला हरवणाऱ्या तोकोरोच्या मुलींपैकी एक.